फोडणीबंदी

मॅडिसनजवळ, सोमवार रात्री

ती. अक्का, सा. न.
शिकागो पाहिलं, मान दुखली, एवढंच. लेकीकडे सुखरूप पोचलो. वाड्याच्या पन्हाळीचं काम गवंड्याने केलं की अजून टोलवतोय?

इथे जेवणाचे हाल. चीजला तोटा नाही, चवीला आहे. काल न राहवून पिठल्याला तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, तोच जावईबापू जिना उतरून आले आणि खुंटीवरचं जाकीट उचलून अंगणात पळाले. हरणाला वास लागतो म्हणे! यंदा त्यांचा शिकारीचा पहिलाच मोसम, तोही साध्या धनुष्याने. हल्लीच्या धनुष्यांना कप्प्या असतात, पूर्ण ओढल्यावर भार हलका होतो. यांच्या धनुष्यात पंचेचाळीस पौंडांचा ताण शेवटपर्यंत बोटांवर. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन झाकणाच्या पेटीत ठेवलेत. तेव्हा माझी फोडणी अंगणातल्या शेगडीवर. मी पिठलं खातो, मला डास.

गुरुवार, चहाच्या आधी


मागच्या अंगणात फोमचं हरीण उभं आहे. जावईबापू उठल्या उठल्या, हात मोकळे न करता, त्याच्यावर एकच बाण सोडतात. रानात सरावाचे बाण कोण देणार? नेम धरायला काही खूण नाही. दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकली की नजर जिथे तिथे बाण. पिसं टर्कीची, तीन. दुपारी शिडीवर चढून, कमरेला पट्टा बांधून वरून मारतात, कारण मोसमात झाडावर बसायचं आहे. बाणांची पाती दगडावर इतकी घासतात की मनगटावरचे केस उतरतात. मग मला हात दाखवतात. मी काय बोलू?

पल्ला पंधरा यार्डांचा ठरवलाय, आपल्या दिंडीपासून विहिरीइतका. त्यापुढे हरीण आलं तर बघत बसायचं. समोर तोंड करून उभं असलं तरी सोडायचं नाही. आडवं हवं, म्हणजे पुढच्या पायामागे फुप्फुसं सापडतात. बाण लागला तरी निदान अर्धा तास खाली उतरायचं नाही, नाहीतर जखमी जनावर उठून लांब जातं. एवढे नियम ऐकून मी म्हटलं, मग मारणार कधी? ते म्हणाले, बहुधा यंदा नाहीच.

बाराबू, शुक्रवार

परवान्याच्या काउंटरवरच्या माणसाने मला रांगेतून बाहेर काढलं. ‘शिकार तुम्ही करणार? नाही ना? मग तिकडे.’ तिकडे म्हणजे गांडुळांच्या डब्यांच्या फ्रिजजवळ. जावयांकडे शिकार-शिक्षणाचा दाखला मागितला (१९७३ पासून जन्मलेल्यांना तो लागतो) आणि धनुष्य कुठलं ते कळल्यावर फिस्सकन हसला. अरे, याच सॉक काउंटीत आणि शेजारच्या कोलंबियात १९३४ साली या राज्यातली धनुष्याची हरणशिकार कायद्याने सुरू झाली, तेव्हा कप्प्या कुठे होत्या? हे मला आत्ता सुचतंय. तिथे मी गांडुळं पाहत होतो.

वन्यजीवांवर लिहिणाऱ्या आल्डो लिओपोल्डची झोपडी इथून जवळच. तो स्वतः धनुष्यं बनवायचा. गेलो नाही, पाऊस. ओल्या पिसांचा बाण भरकटतो म्हणून जावयांनी त्यांवर प्लास्टिकची पिशवी चढवलीय. थंडी आत्ताच बोचते, तुझी शाल कामाला आली.

उद्या पहाटे मोसम उघडतो. ज्याच्या रानात शिकार करायची त्या शेतमालकाच्या स्वयंपाकघरात मी बसणार. पट्टा बांधून झाडावर बसायचं माझं वय नाही आणि अंगाला लसणाचा वास येतो असंही सूचित झालंय.

हरीण मिळालंच तर त्याचा नमुना तपासणीला जातो. २००२ पासून इथल्या हरणांत एक मेंदूचा रोग आढळतोय, त्यामुळे अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. म्हणजे घाई नाही, पण कांदा-लसूण मसाल्याचं तुझं प्रमाण कळवून ठेव. खोबरं इथे किसलेलं मिळतं, गोड. ते चालणार नाही ना?

तुझा,
धाकटा