राणीच्या बागेतले सोबती

भायखळा स्टेशनवरून पूर्वेला चालत गेले की राणीची बाग, म्हणजे जिजामाता उद्यान लागते. तिथल्या संग्रहालयापुढे घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रज तो विलायतेला नेणार होते. उचलताना तुटला, पुढे जोडून इथे उभा केला. आम्ही जुने गिरणी कामगार त्याच्यापाशीच जमतो.

१९८२ च्या संपानंतर आमचीही पांगापांग झाली. कुणी गावी गेले, कुणी वॉचमन झाले. आता जमतात त्यांत आम्ही रिंगखात्यातले आणि काही साचेवाले असतो.

वाचकहो, हे एकत्र बसणे साधे नाही. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून आपल्या वाडवडिलांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. आज साचेवाले आणि आम्ही एकाच बाटलीला तोंड लावून पाणी पितो.

दर खेपेला एखादा सोबती कमी झालेला असतो. म्हणून मुलाबाळांना घेऊन बागेत जा. पेंग्विन जरूर दाखवा. पण आजोबा कोणत्या खात्यात राबले आणि कोणत्या खात्याचे दार त्यांना बंद होते, तेही सांगा.