न जुळणारी तेरीज

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ओवे गावाला आता गाव म्हणावे की शहर, असा प्रश्न तेथील जुन्या माणसांनाही पडतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत या परिसरातील भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका आली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. बांधकामे मात्र अजून थांबलेली नाहीत. पावसाळ्यात डोंगराकडून ओल येते आणि पाऊस सरला की बांधकामाची पिठासारखी बारीक धूळ घराघरांत शिरते.

याच परिसरातील एका इमारतीत एक व्यापारी कुटुंब राहते. पनवेलच्या बाजारपेठेत त्यांचे किराणा व धान्याचे दुकान आहे. घरात आजोबा, आई-वडील, अकरावीत शिकणारा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. संगणक मात्र एकच. सकाळी त्यावर वडील टॅलीत दुकानाचा हिशेब लिहीत आणि दर महिन्याला जीएसटीचे विवरणपत्र भरत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की तासाभरासाठी तो मुलाच्या ताब्यात जाई. मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ त्याला विशेष प्रिय होता. त्या खेळासाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड त्याने दोन वर्षे सुट्टीत दुकानाच्या गल्ल्यावर बसून मिळालेल्या आणि सणावारी जमलेल्या पैशांतून घेतले होते. त्या कार्डाचे त्याला फार अप्रूप होते.

गेल्या हिवाळ्यात संगणकाने अचानक दगा द्यायला सुरुवात केली. शर्यत सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटे झाली की पडदा काळा होई, पंखे थांबत आणि क्षणार्धात सारे निपचित पडे. काही वेळाने बटण दाबले की संगणक पुन्हा सुरू होई, जणू काही घडलेच नव्हते.

वडिलांना या घटनेचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. “सकाळी दोन-दोन तास टॅली चालते, तेव्हा काही होत नाही. तू बसलास की बंद पडतो. मग दोष कोणाचा?” मुलाकडे याला उत्तर नव्हते. पुराव्याची साखळी त्याच्याच विरुद्ध जात होती.

डिसेंबरच्या मध्यावर प्रकरण हातघाईवर आले. विवरणपत्राची मुदत जवळ आलेली. वडिलांनी टॅली उघडीच ठेवली होती आणि मुलाने ती बंद न करता खेळ सुरू केला. नेहमीप्रमाणे संगणक विझला. पुन्हा सुरू झाला तेव्हा दुकानाची फाइल उघडेना. तीन दिवसांपूर्वीच्या बॅकअपवरून काम हाती घ्यावे लागले आणि मधल्या साऱ्या नोंदी बिलांवरून रात्री जागून पुन्हा कराव्या लागल्या. त्या रात्री वडील एवढेच म्हणाले, “उद्याच्या उद्या तो खेळ काढून टाक. ते कार्डही विकून टाकू.” मुलगा उठून गेला. दुसऱ्या दिवशी जेवताना बापलेकांत एक शब्दही झाला नाही.

आजोबांना संगणकातले काही कळत नव्हते. पण पन्नास वर्षे त्यांनी रोजमेळ आणि खतावणी लिहिली होती. वर्षअखेरीस तेरीज काढायची आणि जमा व नावे या दोन बाजूंत थोडाजरी फरक आला तरी तो सापडेपर्यंत उठायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. ते मुलाला म्हणाले, “अरे, तेरीज जुळली नाही म्हणून मी कधी मुनिमाला घरी पाठवलं नाही. आधी फरक शोधायचा, मग बोलायचं.” वडिलांकडून त्यांनी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. कपाटातून लाल कापडी बांधणीची एक कोरी वही काढली आणि तीत रकाने आखले: तारीख, वेळ, संगणकावर काय चालू होते, किती मिनिटांनी बंद पडला, कसा बंद पडला आणि त्या दिवशी काय बदलले. अट एकच घातली. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते समजणार नाही.

‘कसा बंद पडला’ हा रकाना सर्वांत उपयोगी ठरला. संगणक बंद पडण्याचे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा रोख निराळा असतो. केवळ खेळ मिटतो आणि बाकी संगणक चालूच राहतो, तेव्हा बहुधा त्या खेळाच्या फाइलींत किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये खोट असते. निळा पडदा येऊन त्यावर संकेत उमटतो, तेव्हा ड्रायव्हर किंवा मेमरी तपासावी लागते. आणि भिंतीतला प्लग कोणी उपटावा तसा सारा संगणक एका क्षणात विझतो, तेव्हा संशय प्रथम उष्णतेवर आणि विजेच्या पुरवठ्यावर जातो. या घरातला प्रकार तिसरा होता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडे. ती पाहून मुलगा हुरळला. पण तिचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. दुकान अवेळी बंद झाले हे ती नोंद सांगते; का झाले, हे सांगत नाही.

मित्रांचे सल्ले तर रोज नवे येत. कोणी म्हणे व्हायरस आहे, कोणी विंडोज नव्याने टाकायला सांगे, कोणी मेमरीला दोष देई, तर कोणी सोसायटीच्या विजेला. प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक अवयव होता. आजोबांनी सारे सल्ले वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आणि ज्याला पैसा लागत नाही तो आधी, या व्यापारी हिशेबाने त्यांचा क्रम लावला.

पहिल्या दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. संगणक एकोणिसाव्या मिनिटाला विझला. दुसऱ्या दिवशी संगणकाची वायर बहुतोंडी एक्स्टेंशन बोर्डावरून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडली. एकविसाव्या मिनिटाला विझला. तिसऱ्या दिवशी तापमान दाखवणारा प्रोग्राम सुरू ठेवला, तेव्हा घरातले सारे चकित झाले. खिडकीबाहेर गारवा होता आणि आत प्रोसेसर ९२ अंशांवर पोचला होता. सर्वसाधारणपणे शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःचा वेग आवरतो आणि तरीही ताप वाढला तर जळू नये म्हणून संगणक बंद होतो. चोर सापडला, असे सर्वांना वाटले.

रविवारी सकाळी गॅलरीत कॅबिनेट उघडले. आधी प्लग काढला, मग उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून बटण काही क्षण दाबून धरले. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. ओव्याच्या दोन हिवाळ्यांची ती कमाई होती. मुलाने ब्लोअर हाती घेतला तोच आजोबांनी त्याचा हात धरला. कॅबिनेटच्या कोपऱ्यात एक कोळी जाळे विणून बसला होता. त्याला कागदावर अलगद घेऊन कुंडीतल्या झाडावर सोडले, आणखी कोणी जीव आत नाही ना हे टॉर्च लावून पाहिले आणि मगच मऊ ब्रशने सफाई सुरू झाली.

संगणकाच्या इतिहासात एका कीटकाची हकीकत प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या अवाढव्य संगणकात बिघाड झाला, तेव्हा एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून त्याखाली तशी नोंद केली. ती वही अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपून ठेवलेली आहे. मुलाने ही गोष्ट सांगितली तेव्हा आजोबा म्हणाले, “बिचारा पतंग! पण वही ठेवली होती त्यांनी, हे चांगलं केलं.”

पंख्याची पाती बोटाने धरून, थोडी-थोडी हवा मारत धूळ काढली. सुकून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणारा डबा मात्र उघडला नाही. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तो घरी उघडण्याचा जिन्नस नव्हे. संध्याकाळी प्रोसेसरचे तापमान ७४ अंशांवर थांबले. घरात आनंद झाला. आणि चोविसाव्या मिनिटाला संगणक पुन्हा विझला.

त्या क्षणी मुलाचा धीर सुटला. आजोबांनी मात्र वहीत शांतपणे लिहिले: ‘ताप उतरला. रोग गेला नाही.’ तेरजेत कधीकधी दोन चुका असतात. एक सापडली की दुसरी नाहीच, असे मानून चालत नाही.

पुढच्या रात्री मेमरीची चाचणी सकाळपर्यंत चालवली. एकही चूक निघाली नाही. मग मुलाला एक युक्ती सुचली. खेळ न बदलता कार्डाची भूक कमी करून पाहिली तर? त्याचे आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॉटपर्यंत वीज घेते. त्याने कार्डाच्या नियंत्रणाच्या प्रोग्राममध्ये ही मर्यादा ७० टक्क्यांवर आणली. चित्रे किंचित मंदावली. पण संगणक सलग दोन तास चालला. दुसऱ्या दिवशी मर्यादा पूर्ववत केली, तो अठराव्या मिनिटाला विझला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कमी केली, तो चालला. आता संशयाला एकच जागा उरली.

त्याने टॉर्च लावून एसएमपीएसवरचे लेबल वाचले: ४५० वॉट. कार्डाच्या उत्पादकाने किमान ५५० वॉटचा पुरवठा सांगितलेला. शिवाय हा डबा संगणकाच्या पहिल्या दिवसापासूनचा, म्हणजे वापरून थकलेला. अशी कार्डे काही निमिषांपुरती आपल्या नेमस्त मापाहून कितीतरी अधिक वीज ओढतात. पुरवठ्याला ते पेलले नाही की त्यातील संरक्षक यंत्रणा सारे बंद करते. टॅलीला यातले काहीच लागत नाही. म्हणून सकाळचे काम सुरळीत चाले आणि संध्याकाळी अंधार होई. जुना तराजू पाच किलोची पिशवी बिनचूक तोलतो आणि पोते चढवले की त्याची कडी निसटते. तिथे पोत्याला दोष देऊन काय उपयोग?

पण हा डबा बदलला का नव्हता? मुलाला ते आठवत होते. कार्ड बसवताना दुकानदाराने एसएमपीएसही बदला असे सुचवले होते. “जुना चालतोय ना? मग कशाला?” असे म्हणून वडिलांनी तो खर्च वाचवला होता. मुलगा बराच वेळ वही पुढ्यात घेऊन बसला. मग त्याने त्या दिवसाच्या रकान्यात एवढेच लिहिले: ‘एसएमपीएस ४५० वॉट. पाहिजे ५५०.’ कोणी काय म्हटले होते, ते लिहिले नाही.

वडील रोज रात्री ती वही चाळत, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. त्या रात्रीही त्यांनी ती उघडली आणि त्या एका ओळीपाशी थबकले. दुकानदाराचे बोलणे त्यांनाही आठवले. मुलाने ते लिहिले नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले.

सकाळी ते मुलाला म्हणाले, “आधी कोणाकडून तरी मागून आणून लावून बघ. खात्री झाली की घेऊ.” एका मित्राने आपला ६५० वॉटचा एसएमपीएस दोन दिवसांसाठी दिला. दोन्ही संध्याकाळी शर्यत विनाखंड चालली. मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी बापलेक खारघरहून हार्बर गाडीने निघाले आणि कुर्ल्याला व दादरला गाडी बदलत ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोडच्या संगणकाच्या बाजारात वडिलांनी चार दुकानांत भाव केला. घासाघीस त्यांनी सोडली नाही. पण या वेळी स्वस्तातला डबा मात्र नाकारला. परतीच्या गाडीत मुलगा त्यांना वॉट, व्होल्ट आणि हमीपत्र समजावून सांगत होता आणि ते ऐकत होते. कित्येक दिवसांत दोघे एवढे बोलले नव्हते.

त्या रात्री वहीत नवी नोंद झाली. अक्षर वडिलांचे होते: ‘दुरुस्ती नोंद. दोष चि. च्या नावे लिहिला गेला होता. तो आज माझ्या खाती वर्ग केला.’ मुलाने ती वाचली आणि खाली आपलीही एक ओळ घातली: ‘टॅली उघडी असताना खेळ लावला, ही चूक माझी.’ आजोबांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली दुहेरी रेघ ओढली.

आता त्या घरात खेळ सुरू होण्यापूर्वी टॅली बंद होते आणि दिवसाचा बॅकअप पेनड्राइव्हवर जातो. दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडते, आधी टॉर्च लागतो, मग ब्रश. लाल वहीची पुष्कळ पाने कोरी आहेत. ती संगणकाशेजारीच ठेवलेली आहे. घरात एखादी गोष्ट बिघडली आणि कोणाचे नाव घेण्यासाठी तोंड उघडले, की धाकटी बहीण उठते आणि ती वही आणून पुढे ठेवते.