पुरी आणि उकाईचे पाणी

कामरेजला डोंगर नाही. चहूकडे ऊस, मध्ये महामार्ग आणि उशाला तापी. त्यामुळे आम्हां मराठी घरांना डोंगर पाहायचा झाला की सोनगडच आठवतो. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत या मुलखात आले. तेव्हा कामरेज बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला एक तालुका होता आणि सोनगडही त्याच प्रांतात. १७१९ च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड घेतला. वडोदरा त्यांच्या घराण्याकडे आले ते पुढे. हा इतिहास आमच्यातला प्रत्येक जण आपल्या आजोबांनी तो प्रत्यक्ष पाहिला असावा अशा थाटात सांगतो.

२००९ च्या संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही पाच घरांतली अठरा माणसे आणि तीन कुत्री घेऊन निघालो. सकाळी गड चढायचा, दुपारी सागाच्या रानातून उकाईच्या जलाशयाकाठी जायचे, असा बेत होता. कुत्र्यांमुळे डांगाचा बेत आधीच रद्द झाला होता. अभयारण्यात पाळीव कुत्री नेता येत नाहीत. त्या वेळी आम्हांला हा नियम उगीच जाचक वाटला. पुढे २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह मेले आणि त्यांच्यात कुत्र्यांपासून पसरणारा डिस्टेंपर सापडला, तेव्हा तो नियम कशासाठी आहे हे उमगले.

तीन कुत्र्यांपैकी वाघ्या आणि मोती ही घरंदाज मंडळी. तिसरी पुरी. हे नाव ऐकून पाहुणे हसत आणि श्रीखंड कुठे आहे म्हणून विचारत. पण ती पुरात आली म्हणून पुरी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, सुरत शहराचा बहुतांश भाग बुडाला आणि नदीकाठच्या गावांतही पाणी शिरले. ते ओसरू लागले तेव्हा आमच्या थोरल्या काकांना गोठ्याच्या पत्र्यावर चिखलाने माखलेले एक पिल्लू दिसले. त्याच पाण्यात काकांची दोन वासरे गेली होती. काकांना कुत्र्यांची मुळीच आवड नव्हती. तरी ते शिडी लावून वर चढले.

गड फार उंच नाही, पण काकांचे वय सत्तरीपार. ते दर वळणावर थांबत आणि ते थांबले की पुरीही थांबे. वाघ्या आणि मोती साखळीला हिसके देत पुढे पळत होते. जंगलात बिबट्यांचा वावर असल्याने साखळी सोडायची नाही, असे ठरले होते. (बिबट्याचे नाव निघाले की आम्ही डांगाच्या दिशेने बोट दाखवतो, वास्तविक तो आमच्या कामरेजच्या उसातही राहतो.) वर तटाच्या आडोशाला बसून आम्ही शेव घालून पोंक खाल्ला, भाकरी आणि तिळाची चटणी खाल्ली. पूर्वेकडे जलाशय लखलखत होता. कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणाले, "हा सगळा आपला मुलूख."

दुपारी पायवाटेने पाण्याकडे निघालो. वाट दाखवायला गामीत समाजातले एक वृद्ध गृहस्थ आले होते. मोहाची झाडे दाखवत, सागाची वाळलेली पाने तुडवत ते पुढे चालत होते. पाणी दिसताच मुलांनी आरोळी ठोकली, वाघ्या आणि मोतीने काठावर जाऊन पंजे बुडवले. पुरी मात्र पन्नास पावलांवर थबकली. तिने अंग जमिनीला चिकटवले, कान मागे घेतले. ओढून पाहिले, बिस्किट दाखवून पाहिले. ती थरथरत राहिली. आमच्यातल्या एका तरुणाने तिला उचलून नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती कधी नव्हे ती गुरगुरली. काका म्हणाले, "सोड तिला. मी बसतो इथे." आणि ते पाण्याकडे पाठ करून तिच्याजवळ बसले.

वृद्ध गृहस्थांनी विचारले, "आ पाणीथी बीए छे?"

काकांनी त्यांना पुराची हकिगत सांगितली. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग जलाशयाच्या मध्याकडे हात करून त्यांनी सांगितले की त्यांचे गाव तिथे खाली आहे. धरण १९७२ मध्ये पुरे झाले. त्यात सुमारे १७० गावे गेली, हे आम्ही वाचले होते. पण त्यांनी आकडा सांगितला नाही. घरामागे चिंच होती, म्हणाले. निघताना त्यांच्या आईने चुलीतला विस्तव नव्या वस्तीवर नेण्यासाठी मडक्यात घेतला होता आणि तो वाटेत विझला.

आमच्यातले कुणीच बोलले नाही. उकाईच्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे. त्या उसावर आमची घरे दुमजली झाली आणि मुले परदेशी गेली. गडावर 'आपला मुलूख' म्हणणारा उगीच बुटाची नाडी बांधू लागला.

थोड्या वेळाने ते गृहस्थ उठले. आमच्याकडची तपेली घेऊन काठावर गेले, तिच्यात पाणी भरून आणले आणि पुरीपुढे ठेवले. तिने हुंगले, काकांकडे पाहिले आणि पिऊ लागली. सगळी तपेली प्याली.

"तरसी हती," गृहस्थ म्हणाले.

परतीच्या वाटेवर काकांनी पुरीची साखळी त्यांच्या हाती दिली. दोघे पुढे, आम्ही मागे. व्यारा येईपर्यंत टेम्पोत मुलांच्या अंताक्षरीलाही जोर चढला नव्हता. बारडोली सोडल्यावर उसाच्या गाड्या लागल्या आणि रस्ता तुंबला. पुरी काकांच्या पायांवर डोके ठेवून झोपली होती. काका जागे होते. त्यांनी एकदाच विचारले, "वासरे गेली त्या रात्री आपल्या गोठ्यात पाणी किती चढले होते रे?"

आम्ही खांद्याशी हात नेऊन दाखवला.