कोपऱ्यातला आकडा

त्याला चेहरा नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. पडद्याच्या खालच्या अंगाला दोन उमेदवारांची छायाचित्रं, दोन रंगीत पट्ट्या, पट्ट्यांच्या टोकाशी दोन संख्या आणि कडेला तिसरी संख्या: जिंकायला इतके हवेत. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी सुरू झाल्या की पक्षाच्या अधिवेशनात उमेदवाराला मत देणाऱ्या प्रतिनिधींचा, म्हणजे डेलिगेटांचा, हा आकडा चोवीस तास ड्युटीवर असतो. निवेदक बदलतात, चर्चेला बसलेले पंडित बदलतात. हा जागचा हलत नाही. बोलत नाही, हातवारे करत नाही, विशेषण वापरत नाही. आणि २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्यात उमेदवारीवरून झालेल्या भांडणात माध्यमांवर पक्षपाताचे जेवढे आरोप झाले, त्यांतला सगळ्यात चिवट आरोप या मुक्या गृहस्थावरच झाला.

विधानसभेच्या मतमोजणीला आपल्याकडच्या वाहिन्यांवर ‘बहुमताचा आकडा १४५’ अशी पट्टी झळकते. ती याची लांबची नातेवाईक म्हणायला हरकत नाही. मात्र ती दिवसभराची पाहुणी. शिवाय ती येते तेव्हा यंत्रं सीलबंद होऊन दिवस उलटलेले असतात. तिच्याकडे बघून कुणाचं मत बदलण्याचा प्रश्न उरलेला नसतो. अमेरिकेतला हा प्राणी हंगामाच्या सुरुवातीला (२०१६ मध्ये फेब्रुवारीत, आयोवात) मुक्काम टाकतो आणि जूनपर्यंत हलत नाही. राज्यामागून राज्य मतदान करत असतं, आणि ज्याला उद्या मत द्यायचं आहे तो आज रात्री जेवताना याच्याकडे बघत असतो. सगळी भानगड इथली आहे.

त्याची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. १९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात पक्षाच्या नेत्यांनी ह्यूबर्ट हम्फ्रींना उमेदवारी दिली. हम्फ्री एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. पुढे मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नेत्यांची सद्दी मोडून निवड मतदारांच्या हाती दिली. मतदारांनी १९७२ मध्ये त्याच मॅकगव्हर्नना उभं केलं आणि पक्ष ४९ राज्यांत हरला. १९८० मध्ये कार्टरही आपटले. तेव्हा नेतेमंडळींना वाटलं की लगाम जरा जास्तच सैल सुटला. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर जिम हंट यांच्या आयोगाने तोड काढली: खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना अधिवेशनात आपोआप मत; कुणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. हेच सुपरडेलिगेट. १९८४ पासून ते खुर्चीवर बसायला लागले आणि आपल्या आकड्याच्या पोटात दोन जातींचं धान्य पडायला लागलं. एक मतदारांनी दिलेलं, दुसरं फोनवर कबूल झालेलं.

ते फोन कोण करायचं? प्रामुख्याने असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था. २०१६ च्या निवडणुकीत तिची माणसं या सातशेंच्या घरातल्या मंडळींना पुन्हा पुन्हा विचारायची, आपण कुणाच्या बाजूने? उत्तर आलं की खूण. नोव्हेंबर २०१५ मध्ये संस्थेने अशी पाहणी प्रसिद्ध केली. हिलरी क्लिंटन ३५९, बर्नी सँडर्स ८, मार्टिन ओमॅली २. तेव्हा देशात कुठेही एक मत पडलेलं नव्हतं. पडायला अजून अडीच महिने होते. आकडा मात्र नुसता जन्मला नव्हता, चांगला बाळसं धरून बसला होता.

त्याचा खरा स्वभाव न्यू हॅम्पशायरमध्ये कळला. ९ फेब्रुवारी २०१६. सँडर्स यांनी तिथे साठ टक्के मतं घेऊन क्लिंटनना बावीस टक्क्यांनी मागे टाकलं. मतदानातून डेलिगेट मिळाले १५ आणि ९. पण त्या राज्यातल्या सहा सुपरडेलिगेटांनी क्लिंटनना आधीच शब्द दिला होता. आकड्याने शांतपणे हिशेब मांडला: १५ आणि १५. बरोबरी! आयोवा आणि न्यू हॅम्पशायर मिळून मतदारांनी दिलेले डेलिगेट मोजले तर सँडर्स ३६, क्लिंटन ३२. आकड्याने फोनवरचे शब्द त्यात मिसळले आणि पट्टीवर आलं क्लिंटन ३९४, सँडर्स ४४. काही ठिकाणी ही मिसळ वेगळ्या छटेत दाखवत, काही ठिकाणी सरळ एका रंगात. छटा असली तरी ती बघतो कोण? माणूस पट्टीची लांबी बघतो.

लग्नात आहेराची वही लिहायला बसलेला एखादा काका असतो ना, तसा हा. पाकिटातले रोख पाचशे आणि ‘दिवाळीत फ्रिज देतो’ म्हणणाऱ्या मामांचा फ्रिज, दोन्ही एकाच रकान्यात लिहून खाली रेघ मारणारा. काका लबाड नाही. मामा शब्दाला पक्के असतील तर बेरीज चुकलेलीही नाही. पण त्या रात्री ती वही बघणाऱ्याला वाटतं की घरात फ्रिज आला.

आणि मामा शब्दाला पक्केच असतात असं थोडंच आहे? २००८ साली हेच सुपरडेलिगेट सुरुवातीला मोठ्या संख्येने क्लिंटन यांच्याकडे होते. ओबामा मतं घेत गेले तशी मंडळी सरकायला लागली. नागरी हक्क चळवळीतले ज्येष्ठ खासदार जॉन लुइस यांनी क्लिंटनना दिलेला पाठिंबा काढून ओबामांना दिला. मे महिन्यात ओबामांनी या रकान्यातही आघाडी घेतली. म्हणजे २०१६ मधल्या आकड्याला स्वतःच्या आठ वर्षांपूर्वीच्या आयुष्यातून हे ठाऊक असायला हवं होतं. पण आकड्यांना आठवणी नसतात; कालची संख्या पुसून त्यावर आजची लिहिली जाते, एवढंच.

सँडर्स यांच्या समर्थकांकडे तक्रारी पुष्कळ होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच पोकळ नव्हत्या. २०१५ मध्ये एबीसीच्या संध्याकाळच्या बातमीपत्राने ट्रम्प यांना ८१ मिनिटं दिली आणि सँडर्सना एक मिनिटही नाही. ही मोजदाद टिंडॉल रिपोर्टची. तिथे अशी मिनिटं मोजण्याचंच काम चालतं. १५ मार्च २०१६ च्या रात्री सँडर्स फीनिक्समध्ये भाषण करत होते, तेव्हा वृत्तवाहिन्यांनी ट्रम्प यांचं रिकामं व्यासपीठ दाखवलं. ट्रम्प यायचे होते. येतील, येतील म्हणून कॅमेरा तिथेच रोखून ठेवलेला. आपल्याकडे नेत्याच्या सभेला उशीर झाला तर स्थानिक पुढारी तरी माइक घेतात. इथे माइकच बोलत होता.

दुसऱ्या गोटालाही विचारा. हार्वर्डच्या शोरेन्स्टीन सेंटरमधले थॉमस पॅटरसन यांनी २०१५ च्या बातम्या तपासल्या. सँडर्स यांना जागा फार कमी मिळाली होती, पण मिळाली ती सर्व प्रमुख उमेदवारांमध्ये सर्वाधिक अनुकूल सुराची. सर्वाधिक प्रतिकूल बातम्या कुणाच्या वाट्याला, तर क्लिंटन यांच्या. तेव्हा क्लिंटनचा माणूस म्हणणार, ईमेल ईमेल करून तुम्ही आम्हाला सोललंत. सँडर्सचा माणूस म्हणणार, तुम्ही आमच्याकडे बघितलंच नाहीत. दोघांचंही खरं. सूर आणि वेळ हे दोन वेगळे तराजू आहेत, आणि जो तो आपल्याला तोट्यात दाखवणारा तराजू घेऊन वाहिनीच्या दारात उभा.

या गलक्यात आकडा वेगळा पडतो, कारण त्याच्याशी वाद घालता येत नाही. निवेदकाने वाकडा प्रश्न विचारला तर तो पुन्हा दाखवता येतो, त्याची टिंगल करता येते. आकड्याने काय वाकडं केलं? त्याने बेरीज केली. मला विचाराल तर पक्षपात शोधणारे बहुतेक लोक शब्द चाळत बसतात, आणि खरा माल बेरजेच्या चिन्हात दडलेला असतो.

अर्थात त्याची बाजूही ऐकायला हवी. जिंकायला लागणारे होते २,३८३. ही संख्या सगळ्या डेलिगेटांच्या निम्म्याहून एक जास्त अशी निघालेली, म्हणजे सुपरडेलिगेट त्यात धरूनच. मतदानातून येणारे एकूण डेलिगेट ४,०५१. नुसत्या त्यांच्या बळावर २,३८३ गाठायचे तर जवळजवळ एकोणसाठ टक्के घ्यावे लागतात, आणि दोघांच्या चुरशीत ते अवघडच. तेव्हा ‘पट्टीतून सुपरडेलिगेट काढा’ म्हणणाऱ्याने पल्लाही २,०२६ वर आणायला हवा होता. तो आणावा असं पक्षाच्या नियमात नव्हतं. नियम पक्षाचा. त्या फेब्रुवारीत पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांनी सीएनएनवर सांगूनही टाकलं की नेत्यांना तळच्या कार्यकर्त्यांशी स्पर्धा करावी लागू नये म्हणून ही सोय आहे. इतकं रोखठोक बोलल्यावर राग खरं तर त्या सोयीवर निघायचा. पण नियमावली कुणी रोज संध्याकाळी बघत नाही, पट्टी बघतात.

आणखी एक गंमत, ती सोडवत नाही. बर्नी सँडर्स सिनेटर म्हणून स्वतः सुपरडेलिगेट होते. बिल क्लिंटनही, माजी अध्यक्ष या नात्याने. मार्चच्या मध्यापर्यंत मतदानातल्या डेलिगेटांतच सँडर्स तीनेकशेंनी मागे पडले, तेव्हा त्यांचा सूर फिरला. मे महिन्यात ते म्हणू लागले की सुपरडेलिगेटांनी पुन्हा विचार करावा, मी जिंकलेल्या राज्यांतल्यांनी तरी माझ्याकडे यावं. काल ज्या रकान्याला लोकशाहीवरचा डाग म्हणत होते, आज त्याच्याच दाराशी. त्यांच्या काही उत्साही समर्थकांनी सुपरडेलिगेटांचे फोन नंबर जमवून फिरवले, आणि त्या मंडळींना देशभरातून विनवण्यांचे, शिव्यांचे फोन यायला लागले.

मग आला ६ जून, सोमवार. दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि आणखी चार राज्यांत मतदान. सोमवारी संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने जाहीर केलं की आकडा भरला. मतदारांनी दिलेले १,८१२, फोनवर पक्कं सांगणारे ५७१, बेरीज २,३८३. ना एक कमी, ना एक जास्त. शेवटचे काही होकार आदल्या दोनेक दिवसांत गोळा केलेले, आणि ते कुणाचे हे त्या बातमीत सांगितलेलं नव्हतं. वाहिन्यांनीही पाठोपाठ तेच लावलं. एका मोठ्या पक्षाची पहिली महिला उमेदवार ठरली, ती ज्या दिवशी कुठेही मतदान नव्हतं अशा दिवशी, एका वृत्तसंस्थेच्या यादीतल्या खुणेने.

सँडर्सच्या गोटाने घाईघाईचा निर्णय म्हणून निषेध केला. पण क्लिंटनही खूश नव्हत्या. आपले मतदार आता निवांत घरी बसतील ही भीती, आणि मंगळवारी रात्री ब्रुकलिनमध्ये ठरलेल्या सोहळ्याची हवा आदल्याच दिवशी गेलेली. कॅलिफोर्नियातल्या सभेत त्यांनी लोकांना सांगितलं की अजून काम बाकी आहे, मतदानाला या. संस्थेच्या संपादकांचं म्हणणं साधं होतं: आम्ही मोजलं, भरलं, सांगितलं, बातमी हाती असताना दाबून ठेवणं हे आमचं काम नव्हे.

हे म्हणणं मला निम्मं पटतं. बातमी दाबू नये हे खरंच. पण ही बातमी घडली नव्हती, ती काढली होती. गारपीट झाली आणि वार्ताहराने कळवली, असं हे नव्हतं. सोमवारी आणखी काही फोन न करता कचेरीला कुलूप लावलं असतं तर सोमवारी आकडा भरला नसता. आणि मंगळवारच्या मतदानानंतर क्लिंटन यांनी मतदानातल्या डेलिगेटांचाही निम्मा पल्ला ओलांडलाच. शेवटचा हिशेब २,२०५ विरुद्ध १,८४६. मतंही जवळपास १ कोटी ६९ लाख विरुद्ध १ कोटी ३२ लाख. म्हणजे निकाल आकड्याने फिरवला म्हणणाऱ्यांना पुरावा मिळत नाही. एका दिवसाने त्याने काय कमावलं, तर पहिल्यांदा सांगितल्याचा मान. आणि हरणाऱ्या बाजूला पुढची कित्येक वर्षं उगाळायला एक तारीख.

जुलैत विकिलीक्सने पक्षकार्यालयाच्या ईमेल बाहेर काढल्या, तिथल्या लोकांचा सँडर्सविषयीचा सूर जगाला दिसला आणि फिलाडेल्फियाचं अधिवेशन सुरू होता होता वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं. सीएनएनच्या टाउन हॉलमधला प्रश्न पक्षाच्या पदाधिकारी डोना ब्राझील यांनी आधीच क्लिंटन यांच्या प्रचारकांना कळवल्याचंही त्याच वर्षी उघड झालं. त्यानंतर ‘तो आकडा निरपराध होता’ हे कुणाला पटवून बघा!

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पक्षाने शिकागोतच नियम बदलला: चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. २०२० मध्ये आकडा सडपातळ होऊन परतला. पल्ला १,९९१, पोटात फक्त मतदारांनी दिलेलं धान्य. आता तरी त्याला सुखाने जगू द्यायचं, तर आयोवात निकाल कळवण्याचं ॲप कोसळलं. रात्रभर पट्टी रिकामी, आणि रिकाम्या पट्टीवरही आरोप सुरू: सँडर्सचा विजय लपवण्यासाठी हे चाललंय. त्या वेळी असोसिएटेड प्रेसने आयोवाचा विजेता जाहीर करायलाच नकार दिला.

जुलै २०२४ मध्ये बायडन यांनी माघार घेतली आणि संस्थेने पुन्हा फोन उचलले. या वेळी सगळ्याच डेलिगेटांना विचारलं. एका दिवसात कमला हॅरिस यांच्याकडे पुरेशी संख्या असल्याचं दिसलं. आकडा छापला, आणि सोबत स्पष्ट लिहिलं की हॅरिस यांना आम्ही पक्षाच्या संभाव्य उमेदवार म्हणत नाही, कारण हे डेलिगेट अधिवेशनात मत द्यायला मोकळे आहेत. २०१६ मधले ते ५७१ जणही तितकेच मोकळे होते.