खिडकीबाहेरची संहिता

संपादन म्हटले की मराठीच्या अध्यापकाला हस्तलिखिते, पाठभेद आणि प्रक्षेप आठवतात. विमानाच्या खिडकीतून टिपलेल्या छायाचित्रांवर संगणकात हात फिरवताना मात्र मला जाणवते, की इथेही प्रश्न तोच आहे : मूळ पाठ कोणता आणि लेखनिकाची भर कोणती?

उंचीवरून घेतलेले चित्र बहुधा निळसर आणि फिकट येते. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि खालच्या जमिनीवर त्याचा पडदा पडतो. खिडकीही काचेची नसते, ॲक्रिलिकच्या थरांची असते. तिच्यावरचे ओरखडे, आतल्या दिव्यांची प्रतिबिंबे चित्रात उतरतात. ते ओरखडे पुसणे, निळी झाक थोडी उतरवणे, याला मी लेखनिकाचे प्रमाद दुरुस्त करणे म्हणतो. पण मे महिन्यातल्या करड्या माळावर हिरवा रंग चढवला, तर तो प्रक्षेप होय.

झाकही किती उतरवावी? 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात दुष्यंत मातलीच्या रथातून खाली येतो, तेव्हा डोंगर, झाडांची खोडे, नद्या हळूहळू स्पष्ट होत जातात. तिथे अस्पष्टता हेच उंचीचे माप आहे. सगळे धुके काढून टाकले की चित्र स्वच्छ होते; पण अंतर नाहीसे होते.

हा विवेक केवळ सौंदर्याचा नाही. पुणे-हैदराबाद प्रवासात भर उन्हाळ्यात टिपलेल्या एका चित्रात उजनीचा जलाशय आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली जी गावे गेली, त्यांत आईचे माहेर होते. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, हे तिला ठाऊक. पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून तिने विचारले, "हे आपलं देऊळ का रे?"

छटा ताणल्या की त्या ठिपक्याला कडा येत, शिखराचा भास होई. मुळात तिथे मोजून पाच-सहा पिक्सेल होते. कडा यंत्राने दिलेल्या होत्या. "हो" म्हणणे फार सोपे होते. मी छटा पूर्ववत केल्या आणि म्हणालो, "सांगता येत नाही, आई."

हस्तलिखितातले अक्षर लागत नसेल, तर संपादकाने तिथे जागा मोकळी सोडावी, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या चित्राची प्रत आता आईच्या खोलीत आहे. ठिपका तसाच आहे, अस्पष्ट. ती मात्र त्याला देऊळच म्हणते; तो अधिकार वाचकाचा.