आकडा कसला, ते आधी विचार

शहाडला उतरून रिक्षावाल्याला 'कॅम्प एक' एवढे सांगितले की तो पुढे काही विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे राहू लागली. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, पण एक ते पाच हे कॅम्पांचे आकडे लोकांच्या तोंडी तसेच राहिले. कॅम्प दोन आणि कॅम्प तीन मिळून कॅम्प पाच होत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळते. हा आकडा म्हणजे हाक मारायचे नाव.

सेंच्युरी रेयॉनमध्ये कामाला जाणाऱ्यांच्या घरात दुसरा आकडा ऐकू यायचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. दुसरी पाळी काही पहिलीच्या दुप्पट नसते, ती फक्त पहिलीच्या मागून येते. हा रांगेचा आकडा.

माझी आत्या शाळेत गेली नव्हती. टोपलीत मेथीच्या जुड्या आणि वालाच्या शेंगा घेऊन ती कॅम्प एकच्या बाजारात बसायची. तिचे आकडे वेगळेच होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. संध्याकाळी ओटीवर भाऊ पावकी-निमकी घोकायचा आणि ही चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकायची. भाऊ विसरला, हिच्या डोक्यात राहिले. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, तरी तिच्या लेखी चवली, पावली, अधेली होतीच. त्याचे कारणही होते. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन. वाटणी करताना कुठे अडत नाही. वाट्याला ती आजही 'चार आणे' म्हणायची. २०११ मध्ये पंचवीस पैशांचे नाणे व्यवहारातून गेले, पण तिचे चार आणे गेले नाहीत.

आजोबा गेल्यावर जमिनीचा प्रश्न आला. दोन मुलगे, दोन मुली, चौघांनी सारखे वाटून घ्यायचे ठरले होते. आजूबाजूला इमारती उठू लागल्या होत्या आणि भाताच्या शेताला गिऱ्हाईक लागले होते. एक एजंट घरी आला. त्याच्या हातात सातबारा. क्षेत्राच्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे बघा, शून्य पॉइंट बेचाळीस. अर्धा एकरसुद्धा नाही. सतरा गुंठे धरा. चौघांत प्रत्येकी चार गुंठे आणि वर थोडे. आत्याबाई, तुमचे पैसे मी आजच देतो."

घरात सगळे गप्प. एकराचे चाळीस गुंठे, त्यात शून्य पॉइंट बेचाळीस म्हणजे सतराच्या आत. गुणाकार बरोबर होता.

आत्या कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, सतरा गुंठ्यांत खंडीभर भात व्हतो का रं? आमचा बा दर साली खंडी भरायचा. वीस मण. मीच कणग्यात वतायची. तुजा कागद काय बोलतो त्ये मला नाय ठाव, पन त्यो आकडा एकराचा नाय."

मी सातबारा हातात घेतला. तिथे ०.४२.०० असे होते. ठिपका एक नव्हता, दोन होते. पहिल्या ठिपक्याच्या अलीकडे हेक्टर, मधे आर, शेवटी चौरस मीटर. शून्य हेक्टर, बेचाळीस आर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा त्याहून जेमतेम मोठा, १०१ चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे बेचाळीस आर हे साडेएकेचाळीस गुंठे, एकराहून दीड गुंठा जास्त. मी मोठ्याने सांगितले तेव्हा आत्याने हिशोब केव्हाच पुरा केला होता. "बेचाळीसची पावकी साडेधा. त्यात जरा कमी. धाच्या वर हाय म्हन की." एजंट पाणीही न पिता उठला.

सातबारा या नावातच सगळे आहे. गाव नमुना सात हा हक्काचा, नमुना बारा पिकांचा. सातला बाराने भागायचे नसते. वर सर्व्हे नंबर आणि तिरपी रेघ मारून हिस्सा नंबर असतो. तो दिसतो अपूर्णांकासारखा, पण असते ते नाव. 'हिस्सा नंबर चार' म्हणजे चौथाई नव्हे. कॅम्प नंबर चारसारखेच ते. क्षेत्र मात्र मापाचे, आणि मापाला एकक लागते. हल्लीच्या सातबाऱ्यावर एकक छापलेले असते, ते आधी वाचावे. वाटा म्हणजे चार आणे, तो मापाला लावायचा, नावाला नाही.

शिकलेल्या माणसाला आकडा दिसला की बेरीज-वजाबाकी सुचते. आत्याला आधी प्रश्न सुचायचा. ह्यो आकडा कसला? नावाचा, रांगेचा, मापाचा की वाट्याचा?

पुढे फेरफार झाला. त्या नोंदीलाही नंबर आहे. तो तर नुसता वहीतल्या रांगेचा. पण त्या नंबराखाली चार नावे लागली, आणि त्यांत आत्याचे आहे. तिने अंगठा उठवायच्या आधी मला विचारले, "चार आने लिवलंय ना?" मी वाचून दाखवले. मगच तिने शाईत बोट बुडवले.