खाली उभा असलेला माणूस

चाकणच्या एमआयडीसीत शेडच्या पत्र्यांचं काम करताना बूम लिफ्ट मला मामांनी शिकवली. नात्याचे नव्हेत, साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणत. सुरुवातीला त्यांनी मला माणसाला वर नेणाऱ्या तिच्या बास्केटमध्ये पाऊलही ठेवू दिलं नाही. मशीनभोवती फिरवलं नुसतं. टायरची चीर, चाकाचे नट, बूमच्या वेल्डिंगला गेलेली भेग. होजवर तेल दिसलं तर हात लावायचा नाही, पुठ्ठा धरून बघायचं. बारीक छिद्रातून दाबाने उडणारं तेल कातडीत शिरतं. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते आणि बोट जाऊ शकतं. हार्नेसची शिवण चाचपायची, हूक बास्केटच्याच कडीला लावायचा, शेजारच्या गर्डरला कधीच नाही.

जमीनही ते तितक्याच बारकाईने बघत. केबलचा चर बुजवला की वरून सपाट दिसतो, पण दहा टनांच्या मशीनचं चाक त्यात जातं. पावसाळ्यात मामा पहार खुपसून बघत. टिल्ट अलार्म आहे की, असं कुणी म्हटलं तर म्हणत, "तो वाजेल तेव्हा पोरगं वर असेल." मशीनच्या पाटीवर बास्केटमध्ये 227 किलो वजन आणि सेकंदाला 12.5 मीटर वारा, अशा मर्यादा होत्या. हातात पत्रा असेल तर मामा त्याहून कमी वाऱ्यातही काम थांबवत.

पण मी त्यांचा खरा ऋणी आहे तो खालच्या कंट्रोलसाठी. रिकामी बास्केट जमिनीवरून वर न्यायची, लाल बटण दाबून थांबते का बघायचं, मग इंजिन बंद ठेवून इमर्जन्सी पंपावर खाली आणायची. हे सगळं ते हेल्परकडून करून घेत. वरचा माणूस बेशुद्ध झाला, गर्डरखाली दबला, तर त्याला उतरवणारा तोच. माझा जीव इतकी वर्षं अशा पोरांच्या हातात सुखरूप राहिला, तो मामांमुळे.

मामा आता गावी असतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक हेल्पर आधी खालच्या पॅनेलपाशी उभा राहतो. परवा सुपरवायझर घाई करत होते, तर नवा पोरगाच म्हणाला, "साहेब, मी रिकामी उतरवून बघितल्याशिवाय दादा चढणार नाहीत."

संध्याकाळी मामांना फोन करून सांगितलं. त्यांनी पोराचं गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि म्हणाले, "येशील तेव्हा त्यालाही जेवायला घेऊन ये."